परतीची हवा

मांजर्ली, बदलापूर (प.)
१८ मे

प्रिय रिद्धी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील, अशी भीती आहे. ठेव, पण फाडू नकोस. फोन करता आला असता. पण फोनवर माझं साधं बोलणंही भांडणासारखं वाजतं, हे तुझी आई होती तोवर सांगायची, तेव्हा पटत नव्हतं. अंबरनाथ इथून पुढचंच स्टेशन, आणि तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाल्यावर बाप पोस्टाचं तिकीट चिकटवतोय. हस की.

आधी कामाची गोष्ट. गेल्या मंगळवारी तुमच्याच अंबरनाथ पूर्वेला गेलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि लांबच्या रस्त्याने वळलो, तेही सांगून टाकतो. मालिनीबाई म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, मुलं परदेशात, घरात एकट्या. चार खोल्यांना मिळून एकच डक्टचा एसी, छतातल्या पत्र्याच्या नळांतून हवा नेणारा, दुसऱ्या कोणीतरी बसवलेला. तक्रार अशी, की हॉल गार होत नाही आणि छतातून शीळ वाजते. बघतो तर मुलांच्या दोन्ही खोल्यांना कुलूप, उघडायला लावलं तर आतल्या जाळ्यांवर पुठ्ठे चिकटवलेले. का, तर रिकाम्या खोल्यांना गारवा कशाला! माझं भाषण सुरू झालं. तुला पाठ आहे ते. म्हटलं, बाई, एसी बाहेरून थंडी आणून ओतत नाही. घरातलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. खोल्यांचे वेगवेगळे झोन जरूर करा, कुठे कमी, कुठे जास्त. पण जेवढी हवा सोडाल, तेवढी मशीनकडे परत यायला वाट हवी. ती वाट बुजवलीत की मशीन गुदमरतं, कॉइलवर बर्फ धरतो आणि चालू खोलीही गार होत नाही. बंद खोली वीज वाचवत नाही, सगळं घर बिघडवते. बाईंनी ऐकून घेतलं आणि चहा पुढे करत विचारलं, “मग काय हो हिरामण, तुमच्या घरी सगळ्या खोल्या उघड्या असतील, नाही?” मी चहा बशीत ओतला आणि फार गरम असल्यासारखा फुंकत बसलो.

तुला आठवतं, आपल्या घरात मी झोन का केले? आईला गारवा सोसायचा नाही, तिला अठ्ठावीस. मला बावीस. तुला बरोब्बर सव्वीस, एक अंश इकडेतिकडे झाला की कपाळाला आठ्या. एका छपराखाली तीन ऋतू. मी आठवी नापास माणूस, कॅम्प दोनच्या डक्टच्या कारखान्यात पत्रा कापता कापता शिकलेला. एसीचं इंग्रजी पुस्तक तू मोठ्याने वाचायचीस आणि मी डिक्शनरी घेऊन बसायचो. तेव्हा पाचवीत होतीस. ‘रिटर्न एअर’ला तू पटकन म्हणालीस, “परतीची हवा!” इतकी वर्षं गिऱ्हाइकांना मी तोच शब्द सांगतो, आणि माझाच म्हणून सांगतो.

ज्या दिवशी तू आणि गंधार रजिस्टर लग्न करून हार घालूनच दारात आलात, त्या दिवसाचं मी कोणाशी बोललेलो नाही. मला राग लग्नाचा नव्हता. मला आधी विचारलं नाही, याचा होता. तू वाकलीस, मी पाय मागे घेतले. तू तरीही उंबऱ्यावरून म्हणालीस, “येते, बाबा.” आणि मी, शब्दाशब्दाला कान धरणारा माणूस, म्हणालो, “येते नाही. जाते म्हण.” गंधारने तुझी बॅग उचलली.

तुम्ही गेल्यावर मी तुझ्या खोलीच्या डक्टची झडप बंद केली, दार ओढून घेतलं आणि दाराखालच्या फटीत आईची जुनी गोधडी कोंबली. मशीन तुझ्या खोलीला लागून, म्हणून हवा परत ओढायची सगळ्यात मोठी जाळी तुझ्याच भिंतीला. ती मीच बसवलेली. घरभरची हवा त्या फटीतून तिकडे जायची. दोन वर्षं माझ्याही छतातून शीळ वाजते, पाणी गळतं. फिल्टर धुतले, गॅस तपासला, कंपनीला शिव्या घातल्या. माझी चूक असेल हे एकदाही डोक्यात आलं नाही. मंगळवारी मालिनीबाईंकडून आलो, शिडी लावून पॅनल उघडलं. कॉइलवर बोटभर जाडीचा बर्फ. शिडीवरच बसून राहिलो, खाली पाणी ठिबकत होतं.

मग गोधडी काढली आणि दार उघडलं. तुझं पाचवीतलं चित्र अजून भिंतीवर आहे. निळे बाण जाणारे, लाल बाण येणारे. खाली तू ‘परतिची हवा’ लिहिलं होतंस, आणि मी पेन्सिलने दिलेली दीर्घ वेलांटी अजून स्पष्ट दिसते. तुझं लिहिलेलं तेवढं पुसट झालंय. तुझ्या खोलीच्या थर्मोस्टॅटवर आकडा सव्वीसच आहे. झडप उघडली. बर्फ वितळवून मशीन पुन्हा लावलं, तेव्हा शीळ नव्हती. हवी होती तशी शांतता झाली खरी, पण त्या शिळेची इतकी सवय झाली होती की आता घरात दुसरं कोणीच नाही हे ऐकू येतं. तिन्ही खोल्या गार असतात आणि मी एकीतून दुसरीत हिंडतो.

हे सगळं मशीनचं लिहिलं, कारण तेवढंच मला नीट लिहिता येतं. लिहायला बसलो ते एका दुरुस्तीसाठी. त्या दिवशी तुझा शब्द बरोबर होता, चूक माझी होती. निघणारा माणूस ‘येते’ म्हणतो, तेव्हा घरातल्याने द्यायचं उत्तर आपल्यात एकच असतं. ते मी दिलं नाही. दोन वर्षं उशिरा देतोय, गंधाररावांनाही सांग.

ये.

तुझाच,
बाबा