सप्टेंबरचा कप्पा

१७ सप्टेंबर

ती. आत्यास,
घाईबाईचा सा. न. वि. वि.

लेकाकडे रुळलीस का? कानातलं यंत्र तू डबीतच ठेवतेस असं त्याने कळवलंय, म्हणजे फोनवर ओरडण्यात अर्थ नाही. पत्रच बरं.

लाँड्री चालू आहे, पण बायका थकल्यात. इस्पितळाच्या चादरी करारानुसार चोवीस तासांत परत द्यायच्या. तू करार केलास तेव्हा चाळीस खाटा होत्या, आता एकशे दहा झाल्यात. इस्त्रीवाल्या मावशींचा हात इतका भरून आलाय की स्वतःची वेणी घालता येत नाही. करार डिसेंबरअखेर संपतोय. तेव्हा जास्त वेळ मागून घेईन, तोवर कळ काढा, असं सगळ्यांना सांगितलंय.

आणि आत्या, तुझं कपाट! महिन्यांचे बारा कप्पे, पण एक फाईल जागेवर असेल तर शपथ. डिसेंबरात संपणारा करार सप्टेंबरात, जूनमधला एप्रिलात. तुझ्यासारख्या काटेकोर बाईचा हा पसारा बघून हसूच आलं. दोन दिवस खपून सगळं संपण्याच्या तारखेप्रमाणे लावलं. प्रत्येक फाईलच्या पाठीला तुझ्या अक्षरातलं एक बंद पाकीट होतं. खासगी असेल म्हणून उघडलं नाही. सगळी बिस्किटांच्या डब्यात ठेवलीत. पाठवू का?

लोभ आहेच, तो रागामागे लपवू नकोस.
तुझी घाईबाई

२२ सप्टेंबर

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद. खुशाली नंतर.

पत्र उभ्याउभ्याच वाच. करार संपतो कधी, यावर मी कप्पा ठरवत नव्हते. आपल्याला बोलायची शेवटची संधी कधी, यावर ठरवत होते. इस्पितळाच्या करारातलं सोळावं कलम बघ. तीन महिने आधी लेखी कळवलं नाही, तर तो आपोआप आणखी पाच वर्षं चालतो, आहे त्याच अटींवर. तीस सप्टेंबरला पत्र त्यांच्या हातात आणि पोच तुझ्या हातात हवी. डिसेंबरात गेलीस तर चहा पाजून परत पाठवतील.

चूक माझीही आहे. किल्ल्या दिल्या, पण तीस वर्षं जे हातालाच ठाऊक होतं ते तोंडाने सांगायचं राहून गेलं. लेक नेमका परगावी गेलाय आणि तुझा नंबर त्याच्याच फोनमध्ये आहे. शेजारीणबाई हे तातडीच्या टपालात टाकतायत.

पाकिटं माझी नाहीत, तुझी आहेत. उघड.

आशीर्वाद तर आहेतच, आधी पळ.
आत्या

१ ऑक्टोबर

ती. आत्यास, सा. न. वि. वि.
घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

पत्र सत्तावीसला दुपारी मिळालं. डबा जमिनीवर पालथा करून इस्पितळाचं पाकीट शोधलं. आतलं तुलाच उतरवून पाठवते, कारण मला ते पुन्हा लिहावंसं वाटतंय.

‘आज सही झाली. इमारतीमागे विटा रचलेल्या दिसल्या, म्हणजे खाटा वाढणार. आज चोवीस तास पुरतात, तेव्हा पुरणार नाहीत. छत्तीस मागावेत. आधी मेट्रनबाईंना भेटावे, त्यांना धुण्याचे कष्ट कळतात. मग लेखी द्यावे. चादरींची दरमहाची मोजणी जोडावी, नुसते गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही. वाचायला मी नसेन. जी असशील ती, घाबरू नकोस.’

पाच वर्षांपूर्वी, आत्या! ज्या दिवशी करार सुरू झाला त्याच दिवशी तू त्याच्या शेवटाची तयारी करून ठेवलीस. सही झाली की करार कपाटात ठेवायचा, एवढंच मला ठाऊक होतं.

चिठ्ठीत होतं तसंच केलं. मेट्रनबाईंनी ती वाचली आणि मला खिडकीशी नेलं. विटांच्या जागी तीन मजले उभे आहेत. त्या म्हणाल्या, मी इथेच होते, मला विटा दिसल्या नाहीत. तीस तारखेला दुपारी चार वाजता शिक्क्यानिशी पोच हातात पडली. मग परत आले, आणि सगळ्या फाईली तुझ्या जागी लावता लावता एकेक पाकीट वाचत बसले. देवळात बसल्यासारखं वाटत होतं.

अशीच माया असू दे.
घाईबाई

७ ऑक्टोबर

चि. घाईबाईस, अ. आ.

पत्र तीनदा वाचलं आणि यंत्र कानात घातलं. आता तरी फोन कर.

इतकी भारावून जाऊ नकोस. हॉटेलच्या पडद्यांच्या फाईलमधली चिठ्ठी वाच. दोन वर्षांत बंद पडेल असं मी ठासून लिहिलंय, आणि ते अजून दिमाखात उभं आहे. एक मात्र खरं सांगते. इस्पितळाची चिठ्ठी लिहिली तेव्हा तू या लाँड्रीत पाऊल टाकणार नाही म्हणून माझ्याशी भांडून गेली होतीस. म्हणून तुझं नाव लिहायला हात धजला नाही.

जेवणाच्या वेळा पाळ.
आत्या

२ जानेवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.
फोनवर सांगून झालंय, तरी हे कागदावर हवं.

काल सही झाली, छत्तीस तासांवर. आता नवी माणसं शोधायलाही उसंत मिळेल. मावशी आज स्वतः वेणी घालून आल्या आणि दिवसभर ती पुढे घेऊन मिरवल्या.

फाईल सप्टेंबरच्या कप्प्यात ठेवली. त्याआधी चिठ्ठी लिहिली. सही करून निघताना नव्या इमारतीच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत जमिनीवर चुन्याच्या रेघा आखलेल्या दिसल्या. तुझ्यामुळे थांबले, पावलांनी मोजल्या, आणि तेही लिहिलं. खाली नाव कुणाचं घालावं कळेना, मग तुझ्याच चिठ्ठीतली शेवटची ओळ उतरवून पाकीट चिकटवलं.

लोभ आहे, त्याची मुदत घालू नकोस.
तुझी घाईबाई