निखिलला नाकारलेलं पिस्तूल

४ मार्च, मंगळवार
सकाळी ऑफिसला जाताना, इथे सिंगापूरच्या एलआरटी ट्रेनमध्ये, भावजयीचा, अश्विनीचा फोन. अमेरिकेतून. "ताई, निखिल पिस्तूल घ्यायला गेला होता."
माझा सख्खा धाकटा भाऊ. सात महिने दोघं वेगळी राहतात. त्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही, असा कोर्टाचा आदेश आहे. दुकानात फॉर्म भरला, तपासणीत तो आदेश निघाला, नकार आला. नकाराची खबर तिथल्या पोलिसांकडे जाते म्हणे. त्यांनी तिला कळवलं.
गाडी बदलायला बुकित पंजांग स्टेशनवर उतरायचं राहिलं. गोल फिरून परत घराच्याच स्टेशनवर.

५ मार्च
आईला सांगितलं नाही. दोन महिन्यांसाठी आलीय माझ्याकडे. तिच्या लेखी नि. म्हणजे बायकोने टाकलेला बिचारा. अभय म्हणतो, "तुझा भाऊ, तू ठरव." नवरे!

७ मार्च
नि.चा फोन. आधी हसला. "अगं, इथे सगळ्यांकडे असतं." मग आवाज उतरला. "दुकान नाही तर नाही. ओळखीचा एकजण त्याचं विकतोय. तिथे फॉर्म नाही, काही नाही."
मग, "अश्विनी कुठे राहते गं? तुला माहितेय."
"नाही माहीत," म्हटलं. खोटं बोलले.

८ मार्च
सांगितलं तर भाऊ आत. नाही सांगितलं तर...
लहानपणी शाळेत याला कुणी मारलं की मी भांडायला जायचे.

१० मार्च, सोमवार
ऑफिसच्या जिन्यात उभं राहून अमेरिकेतल्या पोलिसांना फोन केला. बाई होती. त्याच्या नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सांगितलं. "तुमचं नातं?" सख्खी बहीण. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.
वर जाऊन मीटिंगला बसले. काय बोलणं झालं, आठवत नाही.

११ मार्च
पिस्तुलाचं आईला सांगितलं. फोन केल्याचं नाही.
"रागात जातो गं माणूस दुकानात. घेतलं तर नाही ना?"
"घेऊ दिलं नाही, आई."
"तेच ते." ताट तसंच ठेवून उठली.

१३ मार्च, गुरुवार
अश्विनीचा मेसेज. पोलीस नि.च्या घरी जाऊन आले. पिस्तूल सापडलं नाही. म्हणजे घेतलंच नाही, की दुसरीकडे ठेवलंय? तिने घर बदललं. "पत्ता आता तुम्हालाही देत नाही, ताई. रागावू नका."
रागावले नाही. रडले.

१४ मार्च
नि.चा दोन ओळींचा मेसेज: "रविवारी सिंगापूरला येतोय. आईला भेटायचंय, तुझ्याशीही बोलायचंय." पोलिसांना कुणी सांगितलं, हे विचारलेलं नाही.
ये म्हटलं. इथे असेल तेवढे दिवस तिकडे अश्विनी तरी...
आई आनंदात. मधली खोली आवरायला घेतलीय. तिथूनच विचारतेय, "अगं, किती दिवस राहणार म्हणाला?"