अनुराधपूरच्या पिंपळाबाबत खुलासा

मी, प्रेमदास सुखदेव ताकसांडे, वय वर्षे ७४, धर्म बौद्ध, एसटीतून निवृत्त झालेला वाहक, म्हणजे तुमच्या भाषेत कंडक्टर, राहणार सिंदी मेघे, जिल्हा वर्धा, हा कागद आज रविवार दि. ४ जानेवारी २०२६ रोजी स्वतःच्या हाताने लिहायला घेतला आहे. माझी फुफ्फुसे कामातून गेली आहेत, डोके गेलेले नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. जे आहे ते माझ्याच मनाचे आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करण्याइतका श्वास उरेल असे डॉक्टरांना वाटत नाही.

आधी कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडे गेलो होतो. अर्धे ऐकून तो म्हणाला, "काका, घर कोणाले, पैसे कोणाले एवढं सांगा ना. बाकीचं रामायण काऊन लावून राह्यले?" मी म्हटले, बाबू, तुझी मशीन राहू दे तुझ्याजवळ. आणि उठून आलो.

कलम १. राहते घर, दोन खोल्या, पुढची पडवी आणि मागचा संडास-बाथरूम, हे सर्व माझी मुलगी भावना हिला द्यावे. तिच्या आईचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा ती इथे आली आणि आता माझ्या ऑक्सिजनच्या नळ्या बदलते. मुलगा अश्वजित पुण्यात आहे, त्याचा फ्लॅट आहे. तो दर रविवारी फोन करून "बाबा, काळजी घ्या" म्हणतो. घेतो आहे. घराबाबत त्याने वाईट वाटून घेऊ नये. वाटले तर वाटले.

कलम २. बँकेतली शिल्लक दोघांनी सारखी वाटून घ्यावी. यातून एक ठेव वगळली आहे, जी मी पुढच्या प्रवासासाठी राखून ठेवली होती. तिच्याबद्दल कलम ६ पाहावे.

कलम ३. निळी चाकांची बॅग, थर्मास, गळ्यात लटकवायचा पासपोर्टचा बटवा आणि माझी प्रवासाची वही आमच्या विहारातून येत्या फेब्रुवारीत श्रीलंकेला जाणाऱ्या मंडळींना द्यावी. गेले दोन महिने ही मंडळी संध्याकाळी माझ्या पडवीत बसतात आणि काय न्यावे, काय नेऊ नये ते विचारतात. सगळे वहीत आहे, तरी सांगतो. शेंगदाण्याची चटणी भरपूर न्या, तिसऱ्या दिवशी नारळाचा कंटाळा येतो. पांढरे कपडे न्या. दुपारी स्तूपाच्या फरशीवर अनवाणी चालताना पाय भाजतात, तेव्हा जाड मोजे न्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिकडे ते फार वाईट मानतात. आणि रोपे आणू नका. का, ते कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. फोटोचे दोन अल्बम भावनाला द्यावेत. पहिला नेपाळचा, २०१२ चा. मी बत्तीस वर्षे लोकांना तिकिटे फाडून दिली, पण स्वतः महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकले ते निवृत्तीनंतर. बस सोनौलीची सीमा ओलांडून पलीकडे थांबली तेव्हा माझी बायको कमला खिडकीतून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "हे फॉरेन हाये काय? म्हशी त आपल्याच वानाच्या दिसून राह्यल्या." सारी बस हसली. पण लुंबिनीला पोचल्यावर ती जी तलावाच्या काठी बसली ती दुपारपर्यंत उठलीच नाही. मी विचारले, काय झाले? तर म्हणे, "माहा बाप बिचारा नागपूरच्या पलीकडं गेला नाई कधी. मी पाहा कुठी बसली हाये." तो फोटो अल्बमात आहे. तिचे डोळे मिटलेले आले आहेत. फोटो खराब आला म्हणून फाडू नये.

दुसरा अल्बम थायलंडचा, २०१४. तिथे आडव्या पहुडलेल्या बुद्धांची अवाढव्य मूर्ती पाहून तिने मला फोटो काढू दिला नाही. "निजले हायेत ना ते," म्हणाली. त्यामुळे त्या अल्बमात मूर्ती नाही, फक्त बाहेर काढून ठेवलेल्या चपला आहेत. आयुष्यातले चांगले दिवस मोजायला सांगितले तर मी हे दोन प्रवास सांगीन. त्यानंतर तिच्या किडन्या गेल्या.

कलम ५. विहाराच्या अंगणातल्या पिंपळाबाबत. हेच लिहायला बसलो होतो. बाकीची कलमे टाळाटाळ होती.

ऑक्टोबर २०१५ मध्ये आमचा श्रीलंकेचा प्रवास ठरलेला होता, दोघांचा. कमलाला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागत होते. मी म्हटले, राहू दे, मीही जात नाही. ती भडकली. म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मले फकत त्या झाडाचं एक रोप आणजा." ते झाड म्हणजे अनुराधपूरचा महाबोधी, बोधगयेच्या वृक्षाची फांदी समुद्रापार नेऊन लावलेली. तिला तिथे जायचे होते, माझ्यापेक्षा जास्त.

मी गेलो. झाडाभोवती सोनेरी कठडा आहे, हात लावू देत नाहीत. लोक खाली पान पडण्याची वाट पाहत बसतात. मीही दीड तास बसलो, पान पडले नाही. बाहेर एकाकडून पिंपळाचे एक रोप विकत घेतले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि बॅगेत लपवले. परत येताना विमानतळावर अधिकाऱ्याने ते काढून घेतले. परवान्याशिवाय परदेशी रोप आणता येत नाही, त्याचे बरोबर होते. मी हातपाय जोडले, बायको आजारी आहे म्हणून सांगितले. तो म्हणाला, काका, नियम आहे. मीही बत्तीस वर्षे लोकांना हेच सांगितले होते.

वर्ध्याला रिकाम्या हाताने यायची हिंमत झाली नाही. नागपूरहून सरळ घरी न येता तळेगावची गाडी धरली. तळेगाव श्यामजी पंत येथे माझा मित्र, गोंड समाजाचा गोमाजी उईके, वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला होता. माझी ड्युटी वर्धा–आष्टी गाडीवर होती तेव्हापासूनची आमची दोस्ती, बावीस वर्षांची. तो आपला डबा माझ्यासोबत खायचा आणि रोपांच्या पिशव्या मागच्या सीटखाली ठेवायचा. माझे प्रवास त्याच्याइतके मन लावून कोणी ऐकले नाहीत. "विमानाची खिडकी उघडते काय रे?" असे विचारायचा. मी त्याला वचन दिले होते की एकदा तुला आणि तुझ्या बायकोला, जिजाबाईला, लुंबिनीला नेईन. त्या दिवशी मी त्याला पिंपळाचे एक रोप मागितले. कशाला, ते सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही, चांगले टणक रोप निवडून दिले.

ते मी कमलाच्या हातात ठेवले आणि म्हटले, घे, अनुराधपूरचे. ती रडली. तिने स्वतः ते विहारात लावले आणि डायलिसिस नसेल त्या दिवशी रोज सकाळी तांब्या घेऊन जायची.

२०१६ च्या वैशाख पौर्णिमेला गोमाजी कार्यक्रमाला आला, मीच बोलावले होते. येताना आंबे आणले होते. अंगणात शिरला आणि झाड पाहून इतका खूश झाला! सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "अरे, हे त माह्या नर्सरीतलं रोप! लय चांगलं लागलं रे प्रेमदास!"

महिला मंडळाच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "काही काय बोलून राह्यले? हे लंकेहून आणलं हाये."

गोमाजी हसला. "लंकेहून? मीच त देल्लं याले, दिवाळीच्या वक्ती."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कमला समोर खुर्चीवर बसली होती. तिचा हात सुजलेला होता. तीही माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "गोमाजी, तू देल्लं ते घरामागं लावलं होतं. ते मेलं. हे लंकेचंच हाये."

बस्स, एवढेच बोललो. पुढचे बाकीच्यांनी केले. मनकर्णाबाई म्हणाल्या, दुसऱ्याचे चांगले पाहवत नाही काही लोकांना. मागून कोणीतरी म्हणाले, आमच्या धम्माच्या कामात यांना काय करायचे आहे? हे आमच्या विहारात झाले, जिथे आम्ही समतेची भाषणे देतो. मी ऐकले आणि खाली मान घातली. गोमाजीने आंब्यांची पिशवी पायरीवर ठेवली आणि खीर न खाताच निघून गेला. पुन्हा आला नाही.

कमला त्याच वर्षी नोव्हेंबरात गेली. तिच्यासाठी खोटे बोललो, असे मी स्वतःला सांगत आलो. ठीक आहे. पण ती गेल्यावर तोंड उघडायला काय हरकत होती? कोणतीही नव्हती. पण तोवर महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारात माझे प्रवासवर्णन सुरू झाले होते. लोक मला लंकावाले काका म्हणू लागले होते. झाडाला संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर माझे नाव आले. मला तो मान आवडला. लाज वाटते लिहायला, पण आवडला.

आता समितीने याच झाडाचे रोप सिंदी रेल्वे या गावच्या विहाराला द्यायचे ठरवले आहे, "अनुराधपूरहून आलेल्या वृक्षाचे" म्हणून. म्हणून सांगतो, ते अनुराधपूरचे नाही. ते तळेगावच्या रोपवाटिकेतले आहे आणि गोमाजी उईके याने दिलेले आहे. तो खरे बोलला होता. खोटा मी आहे. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या रविवारी हे कलम विहारात सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

कलम ६. प्रवासासाठी राखलेली ठेव गोमाजी व जिजाबाई उईके यांना द्यावी आणि भावनाने त्यांना लुंबिनीला नेऊन आणावे. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. खिडकीची जागा गोमाजीला द्यावी.

इथवर ४ तारखेला लिहिले. पुढचा मजकूर मंगळवार दि. २० जानेवारीचा आहे.

साक्षीदार म्हणून गोमाजीचीच सही घ्यावी असे मनात आले. भावना नको म्हणत असताना सिलिंडर भाड्याच्या गाडीत टाकून तळेगावला गेलो. जिजाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी विचारले, गोमाजी कुठे आहे?

"पाच महिने झाले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेले," त्या म्हणाल्या. "तुमचा नंबर होता, भाऊ. लावला नाई."

मी तिथेच पायरीवर बसलो आणि सगळे सांगितले, रोपाचे, विमानतळाचे, कमलाचे. त्या शेंगा सोलतच होत्या.

"मले मालूम हाये," म्हणाल्या. "त्यायलेबी मालूम होतं. दुसऱ्या दिवशीच म्हनले, त्याची बायको समोर बसली होती, तो तरी काय करन? मग कमलाबाई गेल्याचं आयकलं. तवा म्हनले, आता येईन तो. दर बाजाराच्या दिवशी म्हने, जिजा, भाकर एक जास्तीची टाक."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी मीच खाओ शिळी."

मी विचारले, किती दिवस? त्या म्हणाल्या, "दिवस काय पुसता, भाऊ? नऊ वर्षं झाले."

मला रडू आले. रडलो की दम लागतो, ड्रायव्हर धावत आला. थोड्या वेळाने मी कागद काढला आणि तुम्ही तरी साक्षीदार म्हणून अंगठा द्या, असे म्हटले. त्यांनी काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला लावले. शेवटी म्हणाल्या, "म्हनजे तुम्ही मेल्यावर लोकं वाचतीन. तुम्ही त सुटले ना मंग. जित्तेपनी वाचा. मी येईन आयकाले. अंगठा मंगच."

त्यांचे बरोबर आहे. म्हणून कलम ५ मधली "माझ्या मृत्यूनंतरच्या" ही अट रद्द केली आहे. कलम ६ तर आपोआपच गेले. भावनासोबत तुम्ही लुंबिनीला जाल का, असे जिजाबाईंना विचारले, तर "मले कुठी नाई जाचं" म्हणाल्या. ती ठेव भावनाने सांभाळावी. त्यांचे मन कधी बदलले तर न्यावे, नाही तर त्यांच्या दवाखान्याला लावावी.

पिंपळ तोडू नये, त्याचा काही दोष नाही. माझी पाटी काढावी आणि ज्याने रोप दिले त्याच्या नावाची लावावी.

दि. २५ जानेवारी. वरील सर्व मजकूर आज रविवारी वंदनेनंतर, सिंदी मेघे येथील आमच्या विहारात, उभे राहून मी स्वतः वाचला. दोनदा दम लागला. शेजारचे अश्विनबाबू मी वाचतो म्हणाले, मी नाही म्हटले. वाचून झाल्यावर मनकर्णाबाई उठून बाहेर गेल्या. समितीचे अध्यक्ष म्हणाले, पाटीबद्दल विचार करू. श्रीलंकेला जाणाऱ्यांपैकी कोणी आज पडवीत आले नाही. मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि यातला एकही शब्द मागे घेत नाही.

लिहून ठेवणार : (सही) प्रेमदास सुखदेव ताकसांडे
ठिकाण : सिंदी मेघे, वर्धा. दि. २५ जानेवारी २०२६

साक्षीदार १ : (सही) अश्विन मनोहर नगराळे, निवृत्त शिक्षक, सिंदी मेघे

साक्षीदार २ : (डाव्या हाताचा अंगठा) श्रीमती जिजाबाई गोमाजी उईके, तळेगाव (श्यामजी पंत). अंगठा देण्यापूर्वी त्यांनी एक ओळ लिहून घ्यायला सांगितले, ती त्यांच्याच शब्दांत : "आयकलं म्या. ते असते त लय खूश झाले असते."