सुलटी बाजू

एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं माझ्या लेकीच्या, आणि गालिचा निम्मा उलटून झाला होता, आई, तेव्हा ती म्हणाली, "अम्मी, थांब. यातून काहीतरी गळतंय." मी खाली पाहिलं. लादीवर करडी पूड पडली होती, रव्यासारखी, आणि तिच्यात जाळीच्या बारीक पांढऱ्या सुरळ्या. मला तिथंच कळलं. गालिचे विकणाऱ्या बाईला हे कळायला वेळ लागत नाही. तरी मी म्हणाले, "धूळ असेल. ओढ तू." आम्ही ओढला. सुलटी बाजू वर आली आणि आम्ही दोघी आपापलं टोक धरून तशाच उभ्या राहिलो. डाळिंबी रंग जिथं होता तिथं तो अजून तसाच होता, ओला वाटावा इतका गडद. पण तो ठिकठिकाणीच होता. दिवाणाखालच्या भागात लोकर उरलीच नव्हती. वेलींच्या जागी नुसत्या सुती दोऱ्यांच्या रांगा दिसत होत्या. कसरीची अळी सुताला तोंड लावत नाही. ती फक्त लोकर खाते, आणि अंधारात, जिथं तिला कुणी हलवत नाही तिथं खाते.

उद्या तुझ्या नातीची मंगनी आहे. म्हणून दुपारीच मोहल्ल्यातल्या तुझ्या घरी आलो होतो, खोली लावायला. ती चालायला शिकली तेव्हा याच गालिच्यावर पडत-उठत होती. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, हाताला पीठ. म्हणालीस, "हिच्या मंगनीला सुलटा घालायचा हां. तोवर हाय असा राहू दे." तिला यातलं काही आठवत नाही, तू गेलीस तेव्हा ती फार लहान होती. पण मी इतक्यांदा सांगितलंय की तिला वाटतं तिनं स्वतः ऐकलं.

अब्बांनी तो आणला तो दिवस मला आठवतो. मुंबईहून टॅक्सी येते, टपावर दोरीनं बांधलेली लांब गुंडाळी, आणि सगळा मोहल्ला दाराशी. अब्बा मस्कतला हॉटेलांच्या खोल्यांतून भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे ठोकायचे. हा मात्र हातानं गाठी मारलेला, इराणी, त्यांनी स्वतःच्या घरासाठी घेतलेला. खोलीत तो उलगडला तेव्हा तू आम्हां सगळ्यांना भिंतीकडे सरकवलंस. खाली बसून तळवा फिरवलास, एकदा लोकरीच्या कलानं, एकदा कलाविरुद्ध, आणि रंग बदलतो हे पाहून हात मागे घेतलास. दुसऱ्या दिवशी आम्ही उठलो तर गालिचा पालथा होता. शेजारची खाला आत येऊन म्हणाली, "काय गो, उलटा घातलास?" तू म्हणालीस, "सुलटा पावण्यांना. घरच्यांना उलटा चालतो." अब्बा हसले. "अगो, मस्कतला लोक अशावर बूट घालून चालतात." तू म्हणालीस, "ती हॉटेलं हायत."

त्यामुळे मी तो गालिचा मागच्या बाजूनं शिकले. गाठींची बाजू. तिथंही नक्षी असते, फक्त बुटकी, खरखरीत, उन्हानं फिकी झालेली. पुढे मराठी घेऊन एम. ए. केलं आणि नवीन पनवेलमध्ये गालिच्यांचं दुकान काढलं, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. माल दाखवायला येणारे व्यापारी सुलटी बाजू पसरतात आणि मी आधी कोपरा उलटते. तो हात तुझा आहे. दुकानात आता लाकडासारखी दिसणारी फरशी जास्त जाते, जी लाकूड नसते. राखाडी, बदामी, मातकट रंगांचे गालिचे जातात, ज्यांच्यावर काही नसतं. आणि एक प्रकार आहे, त्याला फार मागणी आहे. नवा गालिचा मुद्दाम कातरून झिजवतात, नक्षी मध्येमध्ये पुसून टाकतात, म्हणजे तो पिढ्यान्‌पिढ्या घरात असल्यासारखा दिसावा. मागे विचुंब्याच्या एका नव्या इमारतीतल्या बाई असाच एक घेऊन गेल्या. जाताना विचारलं, "पण हा नवीनच आहे ना? कुणाचा वापरलेला नाही ना?"

मी सांगितलं, नवीनच आहे.

मघाशी तुझ्या नातीलाही तेच आठवलं. ती म्हणाली, "अम्मी, असाच तर तू विकतेस. डिझायनर पीस आहे म्हणून सांगू त्यांना." मी हसले नाही. मग ती हळूच म्हणाली, "सॉरी. नानीचा आहे ना." आणि माझ्या हातातलं टोक सोडवून तिनं जमिनीवर ठेवलं.

मला एक दिवस आठवला. मी शाळेत होते, अभ्यासाला बसले होते आणि माझ्या कोपरानं चहाचा कप कलंडला. मी जागची हलले नाही. तू आलीस, मारशील म्हणून मी मान आत घेतली. तू मला बाजूला केलंस, गालिच्याची कड उचललीस, आत हात घालून चाचपलंस. "वरून काय पण होऊ दे," म्हणालीस, "आत पोचलं काय ते बघायचं." आत पोचलं नव्हतं. मग मात्र तू मला बोललीस, दोन दिवस पुरेल इतकं. अशी रागीट आणि अशी निवांत मी तुला एकाच वेळी कधी पाहिली नव्हती.

आणि एक ईद. पाहुणे गेले आहेत, अब्बा त्या वर्षी सुट्टीवर आलेले नाहीत. मी मागच्या अंगणातून भांडी घेऊन आत येते तर तू गालिच्याच्या मध्यावर बसली आहेस. सुलट्या बाजूवर. पाय लांब केलेले, टाचांच्या भेगा दिसताहेत, दोन्ही तळवे बाजूला लोकरीत रुतलेले. पाहुणे असताना तू कायम स्वयंपाकघरात, त्यामुळे तुला त्यावर बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. मला बघून तू उठलीस. "उभी काय ऱ्हायलीस? धर ते टोक." आपण दोघींनी तो अंगणात नेला, दोरीवर घालून झोडला, उन्हात ठेवला आणि परत पालथा घातला. दर ईदेला हे असंच व्हायचं. गालिचा उलटायला दोन माणसं लागतात. एका माणसानं ओढला तर तो स्वतःवरच दुमडतो. माझं लग्न झालं, अब्बा मस्कतला, तुझे गुडघे गेले. माझ्या निकाहला तो शेवटचा सुलटा झाला. त्यानंतर ईदेला मी यायचे ती दुपारी, जेवायला, पाहुण्यासारखी. तू म्हणायचीस, "तू दमून आलीस. ऱ्हाऊ दे."

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी जियारतला घर बायकांनी भरलं. मावशी म्हणाली, आता तरी सुलटा घाला, इतकी माणसं यायची आहेत. अब्बा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "नको. हाय तसा राहू दे." इतक्या जोरात, की मावशी गप्प झाली. मला त्या वेळी वाटलं, ते तुझी रीत पाळताहेत. वर्षानुवर्षं मी तेच समजत होते. पुढे मी कितीदा म्हटलं की दुकानातली पोरं पाठवते, धुऊन आणते. ते नाही म्हणायचे. तेही मी त्याच खात्यात घातलं.

आज ते असरची नमाज पढून आले. चप्पल काढली, दारात उभे राहिले. पसरलेला गालिचा पाहिला. खुर्चीवर बसले, काठी मांडीवर आडवी घेतली.

"बघितलंस," म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हां."

"कधीपासून?"

"ती होती तवापासून."

तुझी नात माझ्याकडे बघायला लागली. अब्बा बोलत होते ते गालिच्याकडे बघून. एका सुट्टीत ते आले होते, दिवाणाखालची पेटी काढायला दिवाण सरकवला, कोपरा उचलला तर खाली अळ्या. तू स्वयंपाकघरात होतीस, मासे तळत होतीस. त्यांनी कोपरा परत खाली ठेवला, दिवाण जागेवर सरकवला.

"सांगायचं होतंत तिला," मी म्हटलं. "ऊन दाखवलं असतं, औषध मारलं असतं. निम्मा तरी वाचला असता. हे तुमचंच काम होतं, अब्बा."

"माजंच काम. म्हणून तर कळलं." त्यांनी काठी उभी धरली. "काय सांगू, बाय? तू जपलंस म्हणून गेला, असं सांगू तिला?"

मग म्हणाले, "मी वर्सातनं दोन म्हयने यायचो. ती त्याच्याबरोबर ऱ्हायची."

तू विचारायचीस म्हणे त्यांना, दर सुट्टीत, रात्री अंथरूण घालताना. आत रंग तसाच असंल ना? आणि ते म्हणायचे, तसाच हाय. हे सांगताना त्यांनी तुझा आवाज काढला नाही, स्वतःचाही नाही. नुसतं सांगितलं. मग उठून वजूच्या नळापाशी गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

तुझी नात म्हणाली, "मग उद्या काय करायचं? तुझ्याकडचा तो ग्रे मागव ना." मी दुकानात फोन केला, सकाळी टेम्पोतून पाठवा म्हणाले. फोन ठेवला. मग आम्ही जमीन झाडली, पुसली. गालिच्याची सुलटी बाजू मी ब्रशनं साफ केली, जेवढी उरली आहे तेवढी. औषध मारलं. हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगते तसंच, त्याच क्रमानं केलं. तळवा फिरवला, कलानं आणि कलाविरुद्ध. उरलेल्या ठिकाणी रंग अजून बदलतो, आई.

आता संध्याकाळ झाली आहे. मी स्वयंपाकघरात तुझ्या ओट्याशी बसून हे लिहिते आहे. लिहायला घेतलं तेव्हा मला तुझा राग आला होता. इतकं सुंदर काहीतरी घरात आलं आणि तू आम्हाला त्याची पाठ दाखवलीस, आणि ज्याच्यासाठी दाखवलीस तेही उरलं नाही, हे तुला एकदा सांगावं असं वाटलं. पहिल्या परिच्छेदात मी ते सांगूनही टाकलं. पण अब्बांनी जे जन्मभर तुला कळू दिलं नाही ते मी कळवणारी कोण? तू गेलीस तेव्हा आतला रंग तसाच होता. हे पत्र तुझ्या कबरीवर नेऊन वाचायचं ठरवलं होतं. नेणार नाही. मी येईन, फातिहा पढेन. तू विचारलंस तर तसाच आहे म्हणेन.

दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर पुढे लिहिते आहे. सकाळी टेम्पो आला. राखाडी गालिचा गुंडाळलेलाच भिंतीशी उभा करून ठेवला. तुझ्या नातीनं आणि मी तुझा गालिचा पालथा घातला, दोन्ही टोकं ओढून सरळ केली. पाहुणे आले. मुलाची आई बसता बसता थांबली, वाकून बघितलं, म्हणाली, "अय्या, हा उलटा घातलाय का?" मी काही बोलायच्या आत अब्बा खुर्चीवरून म्हणाले, "सुलटा पावण्यांना. तुमी आता घरचे." त्या हसल्या आणि खाली बसल्या.