कागदावरचा मालक

मु. रिहे, पेटा मुळशी
ता. १८ जानेवारी १९५९

श्री. हैबतराव यांस,
सगुणाचा नमस्कार.

तुमचं पत्र बुधवारी पोचलं. इकडे सगळी खुशाल आहेत. सासूबाईंना डाव्या डोळ्यानं कमी दिसतं, पण सूप हातात घेतलं की कणी न् कणी वेगळी काढतात. म्हैस व्याली, रेडी झाली. ओढ्याकडच्या खाचरात यंदा आंबेमोहोर चांगला पिकला.

अक्षर तुमच्या ओळखीचं नसेल. माझंच आहे. माहेरी सूसला चौथीपर्यंत शिकले होते, ते आता कामी आलं. जोडाक्षरं चुकली तर सांभाळून घ्या.

आपल्या गावच्या कोंडाजीनं कल्याणला नेलेला आमच्या तांदळाच्या जाहिरातीचा कागद तुम्ही वाचलात. ‘माझ्या नावावर धंदा बरा चाललेला दिसतो, होळीला येतो आणि कारभार हातात घेतो,’ असं तुम्ही लिहिलंत. तो कागद कसा निघाला ते आधी ऐका.

पौडला भाताची गिरण आली आणि आमच्याकडे सडायला येणारं भात बंद झालं. गोजराबाई, मी आणि आणखी दोघीजणी मुसळं भिंतीला टेकवून बसलो. हातसडीचा तांदूळ पुण्यात आवडीनं खातात असं ऐकत होतो. पण रिह्याला तो मिळतो हे पुण्याला कळणार कसं? म्हणून मी जैनुद्दीनभाईंकडे गेले. ते पौडला कचेरीसमोर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. म्हटलं, आमच्या तांदळाचा एक कागद लिहून द्या, पुण्याला छापून वाटू.

त्यांनी विचारलं, “मालकाचं नाव काय लिवू?”

“माजंच लिवा.”

“सगुणाबाई, बाईच्या नावावर पेठेतला दुकानदार पोतं उचलायचा न्हाई. हैबतरावांच्या तोंडून लिवतो. ते हायेत कुटं?”

“कल्याणला. कामाला.”

तुमच्याबद्दल त्यांनी पुढं काही विचारलं नाही. तांदूळ कसा सडतो, कोंडा किती ठेवतो, एवढं विचारून घेतलं आणि पुढच्या बाजाराला लिहिलेलं वाचून दाखवलं. ‘मी हैबतराव, रिहे गावचा शेतकरी. माझ्या घरचा आंबेमोहोर माझी पत्नी जातीनं उभी राहून सडवून घेते. तिच्या नजरेतून एक खडा सुटत नाही. तिनं पाखडलेला तांदूळ मी डोळे मिटून खातो. माझ्या घराला बरकत आहे ती तिच्या हातामुळे.’

मी त्यांना परत वाचायला लावलं. मग पदर डोळ्यांना लावून घरी आले.

खरं सांगते. ते शब्द तुमचे नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी ते तुमचेच आहेत असं धरून मी वर्षभर चालले. गोजराबाई म्हणायची, “तुजा मालक तुला लई मानतो गं.” मी व्हय म्हणायची. एक कागद मी कणगीवर चिकटवून ठेवला होता. त्याची आता लाज वाटते.

कागदाचा उपयोग झाला, हे नाकारत नाही. आता आम्ही नऊजणी आहोत. एसटीच्या टपावरून पोती पुण्याला जातात.

मागच्या महिन्यात पुण्याचे एक व्यापारी स्वतः रिह्याला आले. वर्षभराचा करार करायचा होता. म्हणाले, “हैबतरावांना बोलवा, सही त्यांचीच पाहिजे.” शेतावर गेलेत, एवढं म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. जीभ उचललीही होती. पण बाकी आठजणींची मुसळं थांबली होती आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, “ते सहा वर्षांत घरी आलेले न्हाईत. मालक मीच हाय. कागदावरलं बोलणं अर्ज लिवणाऱ्याचं हाय.”

गोजराबाईचा हात तोंडावर गेला. व्यापारी उठले. आता हे जाणार, असं वाटलं. पण ते उखळापाशी गेले, ओंजळभर तांदूळ घेतला, वास घेतला. म्हणाले, “तांदूळ खरा आहे. कागद बदला. मी खोट्या नावाशी करार करत नाही.” मी सही केली.

त्यानंतर तुमचं पत्र आलं. उत्तर लिहून घ्यायला मी जैनुद्दीनभाईंकडेच गेले. त्यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, “एकदा तुमच्या घरातलं बोलणं मी बनवून लिवलं, ती चूक झाली. नवऱ्याला जे सांगायचं ते तुमी सांगा.” म्हणून हे माझं मी लिहितेय.

तिकडे तुमचं घर आहे, बाई आहेत, मुलगी आता चालायला लागली, हे कोंडाजीनं सांगायच्या आधीपासून मला माहीत आहे. सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. त्यांनी हातातलं सूप पाखडून संपवलं. मग म्हणाल्या, “त्याला म्हनावं, मला भेटून जा. मुसळाला हात लावू नगंस.”

तेच मी सांगते. आईला भेटायला जरूर या. शेतातला तुमचा वाटा तुमचाच आहे, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. मुलीला घेऊन आलात तर तिला दुधाची वाटी या घरात मिळेल. पण सडणीच्या पडवीत तुमचा कारभार चालणार नाही. ती आम्ही नऊजणींनी उभी केली आहे.

नवा कागद छापायला गेला आहे. या वेळी मी सांगितलं आणि जैनुद्दीनभाईंनी फक्त शुद्धलेखन बघितलं. त्यात तुमचं नाव नाही, आणि माझी स्तुतीही नाही. तांदूळ कसा आहे एवढंच आहे.

सही करताना ‘आपली’ लिहायची रीत आहे, ती मला येते. खाली ते लिहिलेलं नाही. घाईत राहून गेलं असं समजू नका.

सगुणा