टिपकागदावरचा डाग

बाबा, आज सकाळी मी अकरावीच्या मुलांसमोर टिपकागदाच्या एका तुकड्यावर पेट्रोलचा थेंब टाकला आणि दुसऱ्यावर रॉकेलचा. कोणता द्रव लवकर उडून जातो ते दाखवायचं होतं. पहिला कागद बघता बघता कोरा झाला. दुसऱ्यावर तेलकट डाग तसाच राहिला. मुलं तो खिडकीशी धरून पाहत होती आणि मी एकदम तोंड फिरवून मागे सरले. "मॅडम, वासाने होतं तसं," एक मुलगी म्हणाली. वासाने नव्हतं झालं, तुमच्या आठवणीने झालं. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. वडिलांबद्दल असं लिहू नये हे कळतं मला, पण मला तुमची अजून किळस येते, आणि ती कुणाला सांगायची सोय नाही. आईला तर नाहीच.

पूर्वी असं नव्हतं. मुलुंडला आग्रा रोडवर, पेट्रोल पंपाच्या मागच्या शेडमध्ये तुमचं गॅरेज, आणि रविवारी तुमचा डबा पोचवायचं काम माझं. ते मी कुणाला करू द्यायचे नाही. तुम्ही रबरी नळी तोंडात धरून टाकीतलं पेट्रोल ओढता, चटकन थुंकता आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावता. आईला त्या वासाने शिसारी यायची, मला तो तुमचा वास वाटायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावायला तुम्ही मला शिकवलंत. सकाळी थंड गाडी अडखळली तर आधी चोक बघायचा. चढावर, भार पडल्यावर मिसिंग मारायला, म्हणजे मध्येच ठोका चुकवायला लागली तर प्लग, नाहीतर पॉइंट जळलेत. सरळ रस्त्यावर धावता धावता मान टाकली आणि पुन्हा उठली, तर पेट्रोल नीट पोचत नाही, कुठेतरी कचरा अडकलाय किंवा टाकीत पाणी गेलंय. "गाडी नाटक करत नाही गं," तुम्ही म्हणायचात. "ती खरं तेच सांगते. ऐकणाऱ्याला कान पाहिजेत." माझ्या मैत्रिणींच्या वडिलांना इतकं काहीच येत नव्हतं. त्यांचे वडील ऑफिसात जायचे आणि मला त्यांची कीव यायची.

मग तो रविवार. चाळीतले आपल्या शेजारच्या खोलीतले काका त्यांची टॅक्सी घेऊन आले होते. गिरणी सोडून फंडाच्या पैशांतून घेतलेली जुनी टॅक्सी. महिन्याभरातली ही त्यांची तिसरी खेप. "एक्सलेटर दाबलंय काय गचके मारता," ते सांगत होते. "पॅशिंजर इचारता, टॅक्सी हा काय घोडो?" तुम्ही हसलात, त्यांना समोर चहाला पाठवलंत आणि माझ्या वहीतला टिपकागद मागितलात. कार्बोरेटरमधलं पेट्रोल बोटाने त्यावर टाकलंत. आपण दोघं वाकून बघत होतो. कागद वाळला, पण डाग काही जाईना. "रॉकेल," तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटलात, आणि मी खूश झाले, कारण रोग सापडला होता. काका त्याच पंपावर पेट्रोल भरायचे, तुम्हीच त्यांना तिथे भरायला सांगितलं होतंत. आता फक्त सांगायचं, पंप बदला, की झालं.

काका रस्ता ओलांडून आले. "काय रे, काय गावला?"

तुम्ही कागदाची घडी करून खिशात टाकलीत. "प्लग काळे पडलेत. आणि कार्बोरेटर पुन्हा उघडायला लागेल."

"मेल्या, परवाच तर उघडलंस मा!"

"जुनी गाडी आहे. म्हाताऱ्या माणसाला रोज खोकला येतो, तसं तिचं."

"बाबा, पण डाग..." मी म्हटलं.

"डबा ठेवलास ना? जा घरी." माझ्याकडे न बघता बोललात. काका तुमच्या पाठीवर थाप मारून हसत होते.

त्याच आठवड्यात आई रेशनच्या दुकानातून रिकामा डबा घेऊन परत आली. रॉकेल आलंच नाही म्हणाला दुकानदार. मोरीजवळ तिने भुशाची शेगडी पेटवली, खोलीभर धूर झाला, ती डोळे पुसत भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही ताटावर बसून खाली मान घालून जेवत होतात. आपलं रॉकेल कुठे गेलं ते त्या खोलीत तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकांना का नाही सांगत?" तुमचा घास हातातच राहिला. "शेड कुणाची आहे? पंपवाल्या शेटची. त्याच्या पेट्रोलला नाव ठेवलं तर उद्या शटर खाली. मग शाळेत काय घेऊन जाशील, हा रिकामा डबा?" आणि जरा वेळाने, आवाज उतरवून, "तू शीक. पदवी घे. मग काय ते खरं बोल. मला नाही परवडत." आई म्हणाली, "कसलं खरं?" तुम्ही ताट सरकवून हात धुवायला उठलात.

मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही शाईचं पेन आणलंत. मखमलीची डबी. डबीच्या आत, झाकणाला, पंपाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती, दिवाळीच्या भेटवस्तूंवर असते तशी. तुम्ही ती नखाने खरवडली होती, पण अर्धं नाव राहिलंच. मी ते अर्धं नाव वाचलं, मग तुमच्याकडे बघितलं. "लिहून बघ," तुम्ही म्हणालात. "निब चांगली आहे." त्या दिवसापासून मी तुमचा डबा पोचवणं बंद केलं. दोन वर्षांनी कावीळ होऊन तुम्ही गेलात, आणि हॉस्पिटलात तुमच्या हाताला तो वास नव्हता याचंसुद्धा मला बरं वाटलं होतं.

काकांच्या टॅक्सीचं इंजिन तुमच्या देखतच बसलं. कुर्ल्याला भंगारात गेली ती. आता काका आमच्या कॉलेजच्या गेटवर वॉचमन आहेत, आणि मी रोज त्यांच्यासमोरून आत जाते. आज तो डाग बघितल्यावर मी ठरवलं, पुरे झालं, आज सांगायचं. गेटवर गेले तर त्यांनीच हाक मारली. "बाय, रजेचो एक अर्ज लिवन दी गो. गावाक जावचा हा." मी पर्समधून पेन काढलं. हो, तेच. फेकून दिलं असं मी आईला सांगितलं होतं, पण निब खरंच चांगली आहे. काकांनी ते ओळखलं. "ह्या तुझ्या बापाशीन दिलेला मा? तू पास झालंस तेव्हा तो सगळ्या चाळीक दाखवीत फिरलो होतो. देवमाणूस होतो गो. माझ्या गाडयेसाठी किती झटलो तो, पण माझ्या नशिबात गाडीच नाय होती." आणि शेजारच्या शिपायाला म्हणाले, "वळखलंस? देवमाणसाची पोर ही."

मी स्टुलावर कागद ठेवून अर्ज लिहिला. सही कुठे करायची ते दाखवलं.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून एवढं लिहिते. तुम्हाला शेड जायची भीती होती. मला कसली होती? पदवी आहे, नोकरी आहे, त्या शेटशी माझा काही संबंध नाही. देवमाणसाची पोर म्हणाले ते मला आवडलं, बाबा. मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हटलं, "हो काका, फार झटले ते."