सरपंचबाईंनी तोडलेलं कुलूप

पिंपळदरा, जि. नागपूर
१९ मे १९७३

ती. मनोहरभाऊस, धाकट्या प्रयागचा सा. न. वि. वि.

घरी सगळे खुशाल आहेत. मी पण आहे, फक्त माझी सरपंचकी गेली.

गावच्या नव्या विहिरीवर पंप बसून महिना झाला. पण उद्घाटनाले मंत्री भेटेना, म्हणून पंपघराले कुलूप लावून ठेवलं होतं. इकडे या दुष्काळात बाया नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरून राहिल्या होत्या. मी वरच्या साहेबांकडे दोनदा अर्ज केला, उत्तर नाही. मग एका सकाळी सगळ्या गावासमोर दगडानं कुलूप तोडलं अन् पंप चालू केला.

आता त्याच साहेबांच्या सहीचा हुकूम आला. सरकारी मालमत्तेची मोडतोड केली म्हणून सरपंचपदावरून काढलं. काहून तोडलं, हे कोणी एका शब्दानं विचारलं नाही. घरी हे म्हणतात, सरकारशी कोण भांडंल? पण भाऊ, तुम्ही वकील आहा, मले एक सांगा. हुकूम सरकारचा, जज पण सरकारचा. मग तो सरकारले चुकलं असं कसा म्हणंल?

वहिनीले नमस्कार. तुमचा लोभ तर आहेच, या खेपेले थोडी वकिली पण असू द्या.

तुमची प्रयाग

*

धरमपेठ, नागपूर
२४ मे १९७३

चि. सौ. प्रयाग हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसलो, आणि सोबतचा हुकूम वाचून लगेच कामाला लागलो. तुझी वहिनी विचारते, कुलूप तोडलं ते कळलं, पण पंप चालू करायला बाई शिकली कुठं?

अवं, जज सरकारचा नोकर नव्हे. पगार सरकारी तिजोरीतून येतो, हे खरं. पण निकाल आवडला नाही म्हणून कुणा मंत्र्याला हायकोर्टाच्या जजाला घरी बसवता येत नाही. त्यासाठी दिल्लीत संसदेच्या दोन्ही सभागृहांना ठराव करावा लागतो. घटनेनं हे मुद्दाम अवघड करून ठेवलं आहे. कारभार ज्याच्या हाती, त्याची चूक दाखवणारा त्याचाच मिंधा असून कसं चालेल?

सोबतच्या कागदांवर सही करून पाठव. कोर्टाची सुटी संपली की अर्ज दाखल करतो. जिंकूच असं म्हणत नाही. तू मात्र तोवर आणखी काही तोडू नकोस.

तुझा काळजीतला भाऊ,
मनोहर

*

पिंपळदरा
३ ऑगस्ट १९७३

ती. भाऊस सा. न. वि. वि.

नागपूरहून एसटीनं सुखरूप पोचली. वहिनीले सांगा, आमच्या संत्र्याच्या बगीच्यातला पंप मीच चालवतो म्हणून. आमच्या घरच्यायले तर स्टार्टरची भीती वाटते.

हुकूम रद्द म्हणताच मी कोर्टात उभी राहून हात जोडले, अन् शिपायानं मले खाली बसवलं. तुम्ही छान बोलले. पण रस्ताभर एकच गोष्ट खुपत राहिली. जजसाहेबांनी एवढंच विचारलं, बाईले नोटीस दिली होती का, तिचं म्हणणं ऐकलं होतं का. गावात पाणी होतं का नव्हतं, हे त्यायनं विचारलंच नाही! मी केवढी तयारी करून आली होती. अन् शेवटी काय, तर त्याच साहेबानं माझं ऐकून नव्यानं हुकूम काढावा. मांजरानं दूध सांडलं, त्यालेच पुन्हा भांड्याजवळ बसवलं? एवढे मोठे जज, बाई बरोबर आहे म्हणून सांगून टाकाले काय झालं होतं?

रागावली नाही, समजत नाही म्हणून विचारून राहिली.

प्रयाग

*

नागपूर
९ ऑगस्ट १९७३

चि. सौ. प्रयाग हिस अ. उ. आ.

सगळे पक्षकार निकाल हाती पडला की घरी जातात. निकालाला उलटा प्रश्न विचारणारी तू पहिलीच.

समज, जजानं आज तुझ्या पंपाचं ठरवलं. उद्या दुसऱ्या गावचा रस्ता, परवा कुठला मास्तर कुठं पाठवायचा. मग तोच कारभारी झाला की. त्याच्या चुका मग कोण पाहणार? म्हणून तो कारभाऱ्याचा चुकलेला हात धरतो, पण त्याची लेखणी आपल्या हाती घेत नाही.

आता खरं सांगतो. साहेब तुला पुन्हा काढूही शकतात. कोर्टात मांडायची राहिलेली तयारी त्यांच्यापुढं मांड. आवाज चढवू नकोस. तुझी वहिनी म्हणते, हे सांगून काही उपयोग नाही.

तुझा,
मनोहर

*

पिंपळदरा
१४ सप्टेंबर १९७३

ती. भाऊस सा. न. वि. वि.

सुनावणीले गेली तर साहेबांनी खुर्ची दिली, पण कपाळावर आठी होती. मी झिऱ्यापासून सुरुवात केली. बाया पहाटेपासून कशा नंबर लावत, धोंडबाची सून घागर घेऊन कशी पडली, सगळं सांगितलं. बाईंचे अर्ज माझ्यासमोर का आले नाहीत, असं त्यायनं बाजूच्या बाबूले विचारलं. बाबू खिडकीबाहेर पाहत राहिला. मग मले विचारलं, पुन्हा असं झालं तर काय कराल? नाही करणार, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. पण खोटं कसं बोलू? म्हटलं, साहेब, आधी तुमच्या दारात येऊन बसीन. तरी नाही ऐकलं, तर तोडीन. ते हसले नाहीत. मी समजली, गेलं.

काल हुकूम आला. सक्त ताकीद, अन् सरपंचपद कायम. भाऊ, तोच माणूस अन् तीच सही! फक्त या वेळेस त्यायनं ऐकलं होतं.

आज पंचायतीत चंपतरावाचं प्रकरण होतं. त्यानं गोठ्याची भिंत गल्लीत पुढं आणली, बैलगाडी जात नाही. पंच म्हणाले, सरळ पाडून टाका. मी म्हटलं, आधी त्याले बोलवा. तो आला अन् दुपारभर बोलला. अर्धं खोटं, बाकीचं माझ्याबद्दल. मी सगळं ऐकलं, मधात पाणी पाजलं. मग भिंत पाडाचा ठराव केला.

तो तणतणत उठला. म्हणे, बाई, मी हायकोर्टात जातो.

मले कोण जाणे काहून, लय बरं वाटलं. म्हटलं, जा ना गा. त्याले तुमचा पत्ता लिहून दिला आहे. आला तर चहा पाजा.

तुमची बहीण,
प्रयाग
सरपंच, पिंपळदरा